परवाना, दावेदार, कर्ज आणि रस्ता

पावसाळा सरल्यावर आंबोलीच्या महादेवगड पॉइंटवर उभे राहिले, की तळकोकण पायाखाली पसरलेले दिसते. हवा स्वच्छ असेल तर अगदी टोकाला समुद्राची रेघही दिसते. एकदा दिवाळीनंतर आम्ही तेथे उभे असताना शेजारी एक कुटुंब होते. त्यातल्या शाळकरी मुलाने वडिलांना विचारले, "बाबा, हे सगळं पहिलं कुणाचं होतं?" वडील म्हणाले, "पहिलं मुसलमानांचं, मग महाराजांचं, मग इंग्रजांचं." मुलाचे समाधान झाले. मंडळी भुट्टे खायला निघून गेली.

उत्तर खोटे नव्हते. शाळेत आम्हीही हेच शिकलो. परंतु 'मग' या दोन अक्षरांच्या शब्दात साडेतीनशे वर्षांचा सारा व्यवहार गडप झाला होता. एकाचे दुसऱ्याचे कसे झाले, हा प्रश्न मुलाने विचारला नाही आणि वडिलांना सुचला नाही. शिवाय डाव्या हाताला, दक्षिणेकडे, जो मुलूख पसरलेला होता तो इंग्रजांचा कधी झालाच नाही. तो १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्याचा या यादीत उल्लेखही नव्हता.

युरोपीय सत्तांनी मुसलमानी मुलूख कसे घेतले, याविषयी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे, की ती राज्ये धर्मामुळेच मागासलेली होती. काळ पुढे गेला, ती मागे राहिली आणि कोसळली. दुसरे उत्तर असे, की सगळ्या ख्रिस्ती सत्तांनी मिळून इस्लामविरुद्ध कट केला. पहिले उत्तर मुसलमानांना नावे ठेवणाऱ्यांच्या सोयीचे आहे, दुसरे आत्मपरीक्षण टाळू पाहणाऱ्या मुसलमानांच्या सोयीचे. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी तपासून पाहता येतील असा मुलूख शोधायचा झाला, तर आम्हांला आंबोलीच्या कड्याखालच्या या पट्ट्याहून चांगला सापडणार नाही. कारण येथे त्याच युरोपीयांनी आधी मुसलमान सुलतानाचा आणि नंतर हिंदू राजाचा मुलूख घेतला. दोन्ही वेळची रीत शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची येथे सोय आहे.

आधी 'मुसलमानांचा मुलूख' म्हणजे काय, ते पाहू. गोवा बहामनी वजीर महमूद गवानाने १४७२ साली विजयनगरकडून घेतला. बहामनी राज्य फुटल्यावर हा सारा भाग विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. बांद्याला त्या काळच्या इमारतींचे अवशेष आजही उभे आहेत. परंतु तख्त विजापूरला असले, तरी गावाचा कारभार गावकरांकडे आणि परगण्याचा देशमुख-देसायांकडे होता. पुढे सावंतवाडीचे राजे झालेले सावंत हे मूळचे आदिलशाहीचेच देशमुख. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने तर महसुलाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणले आणि ते लिहिणारे हात बहुतांशी ब्राह्मण कारकुनांचे होते. तात्पर्य, मुलूख मुसलमानांचा होता याचा अर्थ तख्तावरचा माणूस मुसलमान होता, इतकाच. भात लावणारा, शेतसारा मोजणारा आणि तो वर पोचवणारा कोण, हे त्या शब्दाने कळत नाही.

आता १५१० कडे वळू. अफोंसो द अल्बुकर्क हा पोर्तुगीज सेनानी तांबड्या समुद्राकडे निघाला होता. त्याला गोव्याकडे वळवले ते होनावरच्या तिमोजा या हिंदू नाविक सरदाराने. विजापूरचा शहा मरण पावला आहे, गादीवर अल्पवयीन मुलगा आहे, गोव्याचे रहिवासी अंमलदारांवर नाराज आहेत, ही खबर त्याने दिली. फेब्रुवारी-मार्चमध्ये अल्बुकर्क जवळजवळ लढाईवाचून गोव्यात शिरला. विजापूरची फौज आल्यावर मे महिन्यात त्याला शहर सोडावे लागले आणि २५ नोव्हेंबरला त्याने ते पुन्हा जिंकले. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची जी कत्तल झाली, तिचा आकडा त्याने स्वतःच आपल्या राजाला पत्राने कळवला. तो सहा हजारांच्या आसपास आहे. त्याच पाच-सहा वर्षांत मलाक्का (१५११) आणि होर्मूझ (१५१५) ही आणखी दोन मुसलमानी बंदरे पोर्तुगीजांकडे गेली. तीन बंदरे आणि तिन्हींच्या मध्ये अथांग पाणी. पोर्तुगीजांना हवे होते ते हे पाणीच.

म्हणून पहिले हत्यार तोफ नव्हते असे आम्ही म्हणतो. पहिले हत्यार होते परवाना. पोर्तुगीज त्याला कार्ताझ म्हणत. समुद्रात गलबत घालायचे, तर पोर्तुगीजांकडून पैसे भरून कागद घ्यायचा. कोणते बंदर, कोणता माल, बरोबर कोण, सारे त्यावर लिहिलेले. कागद नसेल तर गलबत लुटीत जमा. तोफ होतीच, पण ती या कागदामागे उभी होती. अरबी घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि विजापूर व विजयनगर या दोघांचेही घोडदळ त्या घोड्यांवर चाले. गोवा हाती येताच अल्बुकर्कने घोड्यांचा सारा व्यापार तेथेच वळवला आणि एकाला दुसऱ्याविरुद्ध घोडे देण्याचे आमिष दाखवणे सुरू केले. ज्या राज्याचे घोडे परक्याच्या बंदरातून येतात, त्या राज्याचा अर्धा पराभव लढाईआधीच झालेला असतो.

या परवान्याची धग किती दूर पोचली, याचे एक उदाहरण पाहा. १५७३ साली अकबराने गुजरात जिंकला. पृथ्वीवरच्या सर्वांत श्रीमंत बादशहांपैकी तो एक. परंतु सुरतेहून हजला निघणाऱ्या त्याच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा परवाना लागे आणि त्या परवान्यावर मेरी व येशूची चित्रे असत. असा कागद बाळगून हजला जावे काय, यावर दरबारातल्या उलेमांत वाद झाला. मखदूम-उल-मुल्क यांनी तर अशा स्थितीत हज बंधनकारक नाही, असा फतवा दिल्याचे बदायुनीने नोंदवले आहे. जमिनीवर बादशहाला आव्हान देणारा कोणी नव्हता. समुद्र मात्र त्याने आपला मानलाच नव्हता, आणि जे आपले मानले नाही ते गेल्याचे दुःखही लवकर झाले नाही.

दुसरे हत्यार दावेदार. १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे तिसवाडी म्हणजे गोवा बेट आणि आसपासची बेटे होती. बारदेश आणि साष्टी हे सुपीक तालुके आदिलशहाकडेच होते. ते कसे गेले? विजापूरच्या घराण्यातील गादीचा एक दावेदार, ज्याचे नाव पोर्तुगीज कागदांत मेआले असे येते, तो पोर्तुगीजांच्या आश्रयाला होता. बेळगावचा बलाढ्य सरदार असद खान लारी याचे आणि शहाचे बिनसले होते. दावेदार आणि सरदार एकत्र आले तर तख्त जाईल, ही इब्राहिम आदिलशहाची भीती. दावेदाराला पुढे न करण्याच्या मोबदल्यात १५४३ साली त्याने बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांना लिहून दिले. दोन तालुके एका माणसाला गप्प ठेवण्याच्या किमतीत गेले. दावेदार मात्र पोर्तुगीजांच्याच हाती राहिला. पुन्हा उपयोगी पडावा म्हणून.

१५७०-७१ मध्ये प्रतिकाराचा मोठा प्रयत्न झाला. अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, अहमदनगरच्या निजामशहाने चौलला आणि कालिकतचा सामुरी चालियमच्या किल्ल्यावर चालून गेला. म्हणजे दोन मुसलमान सुलतान आणि एक हिंदू राजा. यश फक्त सामुरीला मिळाले. गोव्याचा वेढा महिनोन्महिने चालून अखेर उठला. समुद्राची बाजू मोकळी असलेल्या शहराला जमिनीवरून उपाशी मारता येत नाही. पुढे १६३७ मध्ये विजापूरने दुसरी युक्ती केली आणि पोर्तुगीजांच्या उरावर डच बसवले. वेंगुर्ल्याला वखार घालण्याची परवानगी डचांना मिळाली. त्या वखारीचे भग्न अवशेष आजही तेथे आहेत. एका परक्याला हुसकावण्यासाठी दुसऱ्या परक्याला घरात घेण्याची ही चाल त्या काळी शहाणपणाचीच वाटली असणार.

येथवरची कथा मुसलमानी राज्याची झाली. आता पुढचे शतक पाहा. विजापूर १६८६ मध्ये औरंगजेबाने बुडवले. घाटाखालचा मुलूख सावंतांकडे आला. राजा हिंदू, प्रजा बहुतेक हिंदू, देवस्थाने हिंदू. धर्म हेच जर पराभवाचे कारण असेल, तर येथे गणित बदलायला हवे होते.

ते बदलले नाही. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हळर्णाचा किल्ला घेतला. तो घेणारा व्हाइसरॉय पुढे 'अलोर्नाचा मार्किस' म्हणूनच ओळखला गेला. तेरेखोलही त्याच वर्षी गेले. डिचोली-सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास कायमची गेली. पेडण्याची गोष्ट तर १५४३ च्या गोष्टीची नक्कल वाटावी इतकी सारखी आहे. तिसऱ्या खेम सावंताचे लग्न शिंद्यांच्या घराण्यात झाले होते आणि महादजी शिंद्यांच्या वशिल्याने त्याला दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब मिळाला. कोल्हापूरकरांना तो सहन झाला नाही. युद्ध पेटले, सावंतांचे किल्ले जाऊ लागले. खेम सावंताने पोर्तुगीजांची मदत मागितली आणि मदतीच्या मोबदल्यात १७८८ मध्ये पेडणे दिले. दक्षिणेकडे सोंद्याचा हिंदू राजा मुसलमान हैदर अलीच्या भीतीने गोव्याच्या आश्रयाला आला आणि फोंडा, केपे, काणकोण पोर्तुगीजांकडे गेले. या साऱ्या मुलखाला पोर्तुगीज 'नव्या काबिजादी' म्हणत आणि त्यातल्या फार थोड्या भागासाठी त्यांना मोठी लढाई करावी लागली.

तिसरे हत्यार कर्ज. ते इंग्रजांनी अधिक सफाईने वापरले. १७६५ मध्ये त्यांच्या आरमाराने मालवणचा सिंधुदुर्ग आणि रेडीचा यशवंतगड घेतला. सिंधुदुर्गाचे त्यांनी 'फोर्ट ऑगस्टस' असे नामकरणही करून टाकले. परंतु हे किल्ले सांभाळण्याचा खर्च त्यांना नको होता. १७६६ च्या तहाने रेडी सावंतांना परत मिळाले ते खंडणीच्या बोलीवर. रोकड नव्हती, म्हणून वेंगुर्ला तेरा वर्षांसाठी मुंबईच्या एका सावकाराकडे गहाण पडले. मुदत संपल्यावर वसुली पुरी झाली नाही म्हणून बंदर परत देण्यास इंग्रजांनी नकार दिला आणि सावंतांना ते हत्यारानेच सोडवावे लागले. १८१२ मध्ये वेंगुर्ला अखेर इंग्रजांकडे गेले आणि मालवण कोल्हापूरकरांकडून त्यांना मिळाले. १८१९ च्या तहाने सावंतवाडीने इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले. १८३८ मध्ये 'गैरकारभारा'च्या कारणावरून इंग्रजांनी कारभारच हाती घेतला. १८४४ मध्ये गडकऱ्यांचे बंड कोल्हापुरातून येथे पसरले, फोंड सावंत आणि गादीचा तरुण वारस मनोहरगडावर बंडवाल्यांना मिळाले. गड पडल्यावर ते गोव्याकडे निसटले आणि बंड मोडण्याचा खर्च संस्थानाच्याच माथी मारण्यात आला. ज्याला चोप दिला त्याच्याकडूनच काठीचे पैसे!

वाचकांनी आता नजर जरा लांब न्यावी. इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला त्याच १७६५ साली बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी वर्षाला २६ लाख रुपयांच्या बोलीवर कंपनीला दिली. तख्त मुसलमानाचे राहिले, तिजोरीची किल्ली कंपनीकडे गेली. जावा बेटावर मातारामच्या सुलतानी घराण्यात गादीचे तंटे लागले, डच कंपनी मध्यस्थ झाली आणि १७५५ च्या गियांतीच्या तहाने राज्याचे दोन तुकडे झाले. अल्जीरियाच्या देईने फ्रान्सला पुरवलेल्या धान्याचे थकलेले पैसे मागितले; त्या भांडणात १८२७ मध्ये त्याने फ्रेंच वकिलाला माशा वारायच्या पंख्याने मारले आणि १८३० मध्ये फ्रेंच फौज उतरली. तेथे तर कर्जदार फ्रान्स होता, तरी मुलूख सावकाराचा गेला! ईजिप्तचा खेदिव इस्माइल कर्जात इतका बुडाला, की १८७५ मध्ये त्याने सुएझ कालव्याचे आपले भाग सुमारे ४० लाख पौंडांना इंग्लंडला विकले. पुढच्याच वर्षी त्याचा जमाखर्च परकीय अधिकाऱ्यांच्या हाती गेला आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज, त्यात हिंदी पलटणीही, ईजिप्तमध्ये उतरली. ट्युनिसमध्ये १८६९ मध्ये कर्जवसुलीचे आंतरराष्ट्रीय मंडळ आले आणि १८८१ मध्ये फ्रेंच संरक्षण. ईजिप्तचे १८७६ ते १८८२ आणि सावंतवाडीचे १८३८ ते १८४५ एकापुढे एक वाचले, तर नावे तेवढी बदलतात.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला असा, की धर्माला तुम्ही अगदीच बाजूला सारता. तसे नाही. अल्बुकर्कच्या मनात मुसलमानांविषयी जे वैर होते ते इबेरियातल्या शतकांच्या लढायांतून आलेले होते आणि गोव्यातल्या कत्तलीत कोण मरणार हे त्याच वैराने ठरवले. १५४० नंतर तिसवाडीतली देवळे पडू लागली आणि १५६० मध्ये धर्मन्यायालय आले, तेव्हा तेच हत्यार हिंदूंवर आणि नवख्रिस्तींवरही फिरले. मदतीला धावलेल्या तिमोजाच्या धर्मबांधवांना त्याच्या मदतीचे फळ तीस वर्षांत मिळाले. धर्मवेडाने बळी निवडले. पण कोठे शिरायचे, कोणाशी तह करायचा, केव्हा थांबायचे, हे निर्णय जमाखर्च पाहून झाले. अल्बुकर्कने मुसलमानांविरुद्ध हिंदूंची मदत घेतली. त्याच्या वारसांनी आदिलशहाशीही तह केले आणि सावंतांशीही. ख्रिस्ती एकजुटीची कल्पना तर वेंगुर्ल्याच्या डच वखारीपाशीच कोसळते. तेथून निघणारी जहाजे गोव्याच्या ख्रिस्ती बंदराचीच नाकेबंदी करीत होती.

दुसरा आक्षेप असा, की मग हा सारा फितुरीचा इतिहास झाला. तिमोजा फितूर, असद खान फितूर, खेम सावंत फितूर. आम्हांला हा शब्द येथे वापरवत नाही. फितूर व्हायला आधी ज्याच्याशी इमान राखायचे तो 'आपण' असावा लागतो. तिमोजाच्या दृष्टीने विजापूर आपले नव्हते. खेम सावंताच्या दृष्टीने कोल्हापूर हे शेजारचे शत्रुराज्य होते, आणि मोगली किताब मिळवून देणारे शिंदे हे सोयरे. त्यांनी जे केले ते त्यांच्या काळातल्या कोणत्याही राजाने केले असते. त्यांची चूक झालीच असेल, तर ती हिशेबाची होती. एक शेजारी किल्ला घेतो आणि पुढच्या वर्षी तह करून परतही देतो. हा नवा पाहुणा बंदर घेतो आणि ते कधीच परत देत नाही, हा फरक त्यांच्या लक्षात उशिरा आला. सुलतानांना तो १५४३ नंतर कळला असावा. सावंतांना, अडीचशे वर्षांचा धडा नदीपलीकडे डोळ्यांसमोर असूनही, कळला नाही. 'त्यांचे बुडाले, कारण ते तसेच होते' असे एकदा ठरवले, की त्यांच्या बुडण्यातून आपण काही शिकत नाही. आमच्या मते या लेखात सांगण्यासारखे असे एवढेच आहे.

चौथे हत्यार म्हणजे आम्ही उभे होतो ते आंबोली गावच. सुमारे ६९० मीटर उंचीवरचे, प्रचंड पावसाचे हे खेडे थंड हवेचे ठिकाण झाले, ते सावंतवाडीच्या पोलिटिकल एजंटांना, विशेषतः कर्नल वेस्ट्रॉपला, आवडले म्हणून. आणि ते त्यांच्या वाटेवर आले, कारण बेळगावच्या लष्करी छावणीला वेंगुर्ला बंदराशी जोडणारा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथून, पारपोलीच्या घाटातून, काढण्यात आला. परवान्याने समुद्र घेतला, दावेदाराने तालुके, कर्जाने बंदर आणि कारभार. रस्त्याने ते सारे एकत्र शिवले. रस्ता झाल्यावर फौज हलवायला पूर्वीसारखे सायास पडत नाहीत, म्हणून ती क्वचितच हलवावी लागते. त्या रस्त्याने बेळगावचा माल आला, दवाखाने आले, टपाल आले, हेही खरेच. आम्हीही त्याच घाटाने, एस.टी.त बसून, खिडकीतून धबधबे पाहत वर येतो. हत्याराचा उपयोग बदलतो. ते मूळचे कशासाठी घडवले, हे ठाऊक असलेले बरे.

त्या मुलाला काय सांगायला हवे होते, याचा आम्ही परतताना विचार केला. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेला वळते आणि घटप्रभेतून कृष्णेला, म्हणजे जुन्या विजापूरच्या मुलखाकडे जाते. जवळच्याच मनोहर-मनसंतोषगडाच्या डोंगरांतून निघणारी तेरेखोल बांद्यावरून पश्चिमेला जाते आणि शेवटी गोव्याची सीमा होते. एका बाजूला सुलतानाचा मुलूख, दुसऱ्या बाजूला सावंतांचा. दोघांनी एकमेकांचे अनुभव वाचले असते तर काय झाले असते, हे आज सांगता येणार नाही. परंतु बांद्याच्या मुसलमान मुलाला आणि सावंतवाडीच्या हिंदू मुलाला एकाच वर्गात बसवून १५४३ चा तह आणि १७८८ चा तह शेजारी शेजारी वाचायला देणे अजून शक्य आहे. तसे झाले, तर 'पहिलं त्यांचं, मग आपलं' या वाक्यातला 'त्यांचं' कोण आणि 'आपलं' कोण, हा प्रश्न ती मुले स्वतःच विचारतील. उत्तर आपण आधीच देऊन टाकण्याची घाई करू नये, एवढीच आमची विनंती आहे.